शनिवारच्या शेतकऱ्याने घेवड्याचा तांबेरा कसा आवरावा

माझं शेत शहापूर तालुक्यात आणि मी ठाण्यात, वर्तकनगरला. पाच दिवस कचेरी, रविवार घरकामाला, म्हणून शेताच्या वाट्याला उरतो तो शनिवार. ठाण्याहून कसारा लोकल पकडायची, आसनगावला उतरायचं, पुढे शेअर रिक्षा, आणि साडेनऊच्या सुमाराला बांधावर. ही वेळ मुद्दाम सांगतेय. डिसेंबरात साडेनऊला आमच्या खाचरात पानांवर दव असतं आणि तांबेऱ्याची, म्हणजे पानांवर गंजासारखी तांबडी भुकटी आणणाऱ्या बुरशीच्या रोगाची, सगळी गोष्ट त्या दवातच आहे.

माहेर माझं कोरेगाव तालुक्यातलं. तिकडचा वाघ्या घेवडा तुम्ही खाल्ला असेल, पट्ट्यापट्ट्यांचा, भौगोलिक मानांकन मिळालेला. तिकडे तो खरिपात होतो. सासरी भात कापलं की त्याच ओलीवर वाल, चवळी, हरभरा टाकायची रीत. मी हट्टाने माहेरचं बी आणलं आणि विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत रब्बीला पेरलं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडं हे व्हायचं नाय." झालं. पण पहिल्याच वर्षी तांबेऱ्यासकट झालं.

त्या वर्षी डिसेंबरातल्या एका शनिवारी मला खालच्या पानांवर फिकट बारीक ठिपके दिसले. पाणी देताना चिखल उडाला असेल म्हणून मी पुढे गेले. पुढचा शनिवार भाचीच्या लग्नात गेला. त्याच्या पुढच्या शनिवारी सरीतून दहा पावलं चालले आणि साडीचा काठ वीटकरीच्या भुग्यात लोळवल्यासारखा लाल झाला. दहा गुंठ्यांतून चांगल्या वर्षी मला एक क्विंटलच्या आसपास घेवडा मिळतो, त्या वर्षी साठ किलोही भरला नाही. वर दाणा बारीक, सुरकुतलेला.

मग मी वही घातली. पुढे लिहिलंय ते त्या वहीतलं आणि माहीतगारांना विचारून पक्कं केलेलं. रोज शेतावर असणाऱ्याला यातलं निम्मं आपोआप दिसतं. आपल्यासारख्या आठवड्याने जाणाऱ्यांना मात्र हिशेब ठेवूनच चालावं लागतं.

हिशेब असा. घेवड्याच्या तांबेऱ्याची बुरशी, युरोमायसिस अपेंडिक्युलॅटस, वाऱ्यावर उडत येते. पान कोरडं असेल तर तिचं काही चालत नाही. हवा १७ ते २७ अंशांच्या दरम्यान आणि पान सलग दहा-बारा तास किंवा त्याहून जास्त ओलं, असं जमलं की बीजाणू, म्हणजे बुरशीचं सूक्ष्म बी, रुजतो आणि पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो. संध्याकाळी सातला दव पडायला लागलं आणि सकाळी नऊपर्यंत टिकलं, की झाले चौदा तास. आत शिरल्यावर पाच-सहा दिवसांनी फिकट ठिपका दिसतो, आणि दहा-बारा दिवसांनी तो फुटून त्यातून तांबडी भुकटी बाहेर पडते. एकेका फोडात हजारो बीजाणू. म्हणजे एका शनिवारी पान स्वच्छ, दुसऱ्या शनिवारी मोहरीहून बारीक ठिपके, तिसऱ्या शनिवारी भुकटी, आणि ती भुकटी त्याच रात्री पुढच्या पानांवर. मी मधल्या शनिवारी ठिपके बघून चिखल समजले, आणि चुकवला तो नेमका त्याच्या पुढचा, भुकटी फुटायचा शनिवार.

तर पहिलं काम बघायचं. बांधावर उभं राहून हिरवंगार दिसतंय म्हणून समाधान मानू नका, तांबेरा सुरू होतो खालून आणि पानाच्या मागच्या बाजूने. मी शेतात नागमोडी फिरत दहा ठिकाणी थांबते. प्रत्येक ठिकाणी पाच झाडं, झाडाची खालची आणि मधली पानं, प्रत्येक पान उलटून. अर्धा तास पुरतो. पण ही फेरी दव सुकल्यावरच मारायची, ओल्या पानांतून फिरलं की आपणच एका कोपऱ्यातला रोग अंगावरच्या कपड्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात नेतो. करप्याच्या आणि जिवाणूंच्या रोगांच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. आमचे चुलत सासरे सकाळी पिकावरून दोरी ओढून दव झाडायचं सुचवतात. कल्पना वाईट नाही, पण भुकटी फुटलेली असताना ती दोरी म्हणजे बीजाणू पेरायची पाभरच होते, म्हणून मी त्यांना हात जोडते. दव सुकेपर्यंत मी विहिरीवरची कामं आटपते.

दहा ठिकाणं सरधोपट निवडू नका. आमच्याकडे आंब्याच्या पश्चिमेला सकाळी सावली राहते, तिथे दव सगळ्यांत उशिरा सुकतं, आणि चार वर्षांत तीनदा पहिला फोड मला तिथेच सापडला. विहिरीजवळचा सखल तुकडा, उंच बांधाच्या आडोशाची रांग, हेही तसलेच कोपरे. तुमच्या शेतातलं दव सगळ्यांत शेवटी कुठे सुकतं हे एका सकाळी नुसतं बसून बघा, तपासणी तिथून सुरू करा.

ओळखायला रुमाल पुरतो. पांढरा रुमाल बोटाला गुंडाळायचा आणि पानाची मागची बाजू हलकेच पुसायची. वीटकरी, गंजासारखा डाग पडला तर तांबेरा. डाग नाही पडला तर दुसरं काही, नाहीतर ठिपका अजून फुटायचा आहे. करप्यात पानामागच्या शिरा लालसर-काळ्या पडतात आणि शेंगेवर खोलगट डाग येतात. जिवाणूजन्य करप्यात पिवळ्या काठाचे तपकिरी, करपल्यासारखे चट्टे दिसतात, भुकटी नसते. लाल कोळीने मी दोनदा फसले, तोही पानामागेच असतो आणि लालसर दिसतो. पण नीट बघितलं तर तो हलतो आणि बारीक जाळी विणलेली असते. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग पर्समध्ये ठेवते, लोकलमध्ये बायका विचारतात सोनं तपासता काय म्हणून.

एक नावाचा घोळ आहे, तो इथेच मिटवते. माहेरी तांबेरा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सोयाबीन येतं, कुणाच्या गव्हाचा येतो. शब्द एक, बुरश्या वेगवेगळ्या. गव्हाचा तांबेरा घेवड्यावर येत नाही. चवळीवर जो येतो तो घेवड्याच्या बुरशीचा चुलतभाऊ म्हणा. आणि गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याला जसं मधल्या मुक्कामाला दुसरं झाड लागतं, तसं घेवड्याच्या तांबेऱ्याला लागत नाही. त्याचा जन्म-मरणाचा सगळा फेरा घेवड्यावरच पुरा होतो. म्हणून शोध घेवड्याजवळच घ्यायचा, रानात नाही.

मधल्या आठवड्यासाठी मी धाकट्या दिराला कामाला लावलंय. बुधवारी तो वॉट्सॲपवर फोटो पाठवतो. सुरुवातीला शेताचा देखावा यायचा, सूर्योदयासकट. "वयनी, पीक एकदम टाइट हाय." आता सांगून सांगून शिकलाय: पान उलटं, उन्हाकडे धरलेलं, शेजारी रुपयाचं नाणं, आणि एकाच कोपऱ्यातून नाही तर पाच ठिकाणांहून.

आता फवारणी करायची की नाही, हे ठरवायचं पिकाच्या वयावरून. मी १० ते १५ नोव्हेंबरच्या दरम्यान पेरते. फुलं पस्तीस-चाळीस दिवसांनी, म्हणजे २० डिसेंबरच्या आसपास येतात. जानेवारीच्या मध्यापर्यंत शेंगा भरतात आणि महिनाअखेर काढणी. फुलाआधी किंवा ऐन फुलात एक जरी खरा फोड सापडला तरी मी थांबत नाही, फवारते. याच वेळचा तांबेरा उत्पन्न खातो, कारण पान गळलं की शेंगेत दाणा भरायला काही उरत नाही. शेंगा अर्ध्या भरल्यावर थोडा दिसला तर हवा बघते: ढगाळ असेल, अवेळी पाऊस येऊन गेला असेल तर फवारणी, कोरडं ऊन असेल तर नाही. दुपारचा पारा ३२ अंशांच्या वर जायला लागला की नवी लागण मंदावतेच. आणि शेंगा पिवळ्या पडायला लागल्यावर कितीही लाल दिसलं तरी औषधाला हात लावत नाही. तेव्हा फवारणं म्हणजे पैसे पानावर ओतणं आणि औषध दाण्यापर्यंत पोचवणं. हे मात्र मला दोन वर्षं जमलं नाही. लाल पानं बघून हात शिवशिवतात.

औषधाचं सांगायचं तर पहिल्या वर्षी दुकानात मी नुसतं "घेवड्यावर लाल ठिपके आहेत" म्हणाले आणि त्यांनी जिवाणूंवरचं प्रतिजैविक हातात ठेवलं. बुरशीवर त्याचा काय उपयोग! दुसऱ्या वेळी मेटालॅक्झिलचं मिश्रण दिलं. मेटालॅक्झिल केवडा नावाच्या वेगळ्या रोगावर आणि तशाच रोगांवर चालतं, तांबेऱ्यावर नाही. तेव्हापासून दुकानात पानाचा नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन जाते आणि औषधाचं नाव स्वतः सांगते.

लागण व्हायच्या आधी किंवा अगदी सुरुवातीला मॅन्कोझेब ७५ टक्के भुकटी, एका लिटरला अडीच ग्रॅम. पंधरा लिटरच्या पाठीवरच्या पंपाला साडेसदतीस ग्रॅम होतं. मी घरीच स्वयंपाकाच्या नव्हे तर वेगळ्या काट्यावर मोजून पुड्या बांधून नेते, शेतात अंदाजाने चमचे टाकत बसत नाही. हे औषध पानाच्या पृष्ठभागावर राहतं, आत शिरत नाही. म्हणजे जे पान झाकलं ते वाचलं, आणि ज्याच्या आत बुरशी आधीच गेली त्याला त्याचा उपयोग नाही. नवीन पानं फुटतात ती उघडीच असतात, म्हणून दहा-बारा दिवसांनी पुन्हा. पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के, लिटरला दोन ते तीन ग्रॅम, हा स्वस्त पर्याय आहे आणि भुरीवरही, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी येते त्या रोगावरही, चालतो. पण कडक उन्हात गंधकाने पानं भाजतात, आणि निंबोळी तेल किंवा दुसरं कुठलं तेल फवारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

रोग पसरायला लागलाच तर आत शिरणारं, आंतरप्रवाही औषध लागतं. मी एका वर्षी हेक्झाकोनॅझोल ५ टक्के, लिटरला एक मिली, एकदाच वापरलं. त्याच गटाचं औषध लागोपाठ दोनदा मारायचं नाही, बुरशी त्याला सरावते. मध्ये मॅन्कोझेब घ्यायचं. आणि कुठलंही औषध घेताना लेबल वाचा: तुमचं पीक त्यावर आहे का, प्रमाण किती, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं. मंजुरी आणि प्रमाणं बदलत असतात, तेव्हा माझ्या वहीपेक्षा लेबल मोठं, आणि शंका असेल तर कृषी विभागाच्या माणसाला विचारायचं. डब्यावरच्या हिऱ्याच्या आकारातला खालचा त्रिकोण हिरवा असला तर विषारीपणा त्यातल्या त्यात कमी, एवढंच. हिरवा म्हणून हातमोजे काढून ठेवू नका.

दहा गुंठ्यांना साधारण तीन ते चार पंप पाणी लागतं. एका पंपात आटोपलं असं कुणी सांगितलं तर त्याने पानांच्या वरवर शिंतोडे उडवलेत असं समजा. नोझल पिकाच्या आत खाली घालून तोंड वर करायचं, म्हणजे मागची बाजू भिजते. पंपाची दांडी वाकवून घेतली तर पाठ कमी दुखते. सोबत चिकटद्रव्य. दव सुकलेलं हवं, वारा पडलेला हवा आणि पुढे पान सुकायला चार-पाच तास उन्हाचे हवेत. माझ्या वेळापत्रकात ती फट दहा ते साडेअकराची. संध्याकाळची फवारणी मी करत नाही, वरून लगेच दव येतं.

ताकाचं, गोमूत्राचं विचारतात लोक. आंबट ताक भुरीला थोडं आवरतं, तांबेऱ्यावर मी दोन रांगांना फवारून बघितलं, फरक दिसला नाही. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मातीतल्या मर रोगासाठी वापरावी. पानावरच्या तांबेऱ्याला ती पुरी पडत नाही.

आणि कोवळ्या शेंगा. हा प्रश्न औषधापेक्षा नाजूक आहे. घेवडा दाण्यासाठी पेरला तरी कोवळी शेंग दिसली की जाणारा-येणारा पदरभर तोडतो, शेजारधर्मच तो. फवारलेल्या शेतातून तोडू नका म्हटलं की "एवढ्याशा शेंगांना बाई नाही म्हणाली" असं होतं. म्हणून मी बांधाकडेची एक रांग मुद्दाम श्रावणघेवड्याची ठेवते, मुख्य पिकापासून लांब, दुसऱ्या टोकाला, आणि तिच्यावर काही मारत नाही. तिथे तांबेरा आला तर ती रांग सरळ उपटते.

खरं तर औषधापेक्षा जास्त फरक पडला तो पेरणीत. पूर्वी एका फुटावर ओळी होत्या, आता दीड फुटावर आहेत. बी थोडं कमी लागतं आणि दोन ओळींमधून हवा खेळते. ओळी पूर्व-पश्चिम केल्या, कारण आमच्याकडे हिवाळ्यात सकाळचा वारा पूर्वेकडून येतो आणि दुपारनंतर खाडीकडून. दव अर्धा-पाऊण तास लवकर सुकायला लागलं, घड्याळ लावून बघितलंय. पाणी सकाळी, सरीतून, पानं न भिजवता. पूर्वी दीर संध्याकाळी तुषार लावायचा, वीज तेव्हाच असायची म्हणून. म्हणजे दव पडायच्या आधीच पान ओलं, बुरशीला आयती मेजवानी.

नत्राच्या बाबतीत ऐकीव सल्ल्यांपासून सावध राहा. "कडधान्य आहे, युरिया कशाला" हे वालाला, चवळीला चालतं. राजमा-घेवड्याच्या मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी नीट बसत नाहीत, त्याला बाहेरून नत्र द्यावंच लागतं. पण सगळं पेरणीलाच दिलं तर पाला माजतो, जमीन दिसेनाशी होते आणि आत ओल कोंडते. मी अर्धं पेरताना आणि अर्धं खुरपणीनंतर, महिन्याभराने देते.

काढणीनंतरची कामं कंटाळवाणी आहेत, तरी सांगते. हंगाम संपत आला की फोड काळपट होतात. ते काळे बीजाणू पाल्यापाचोळ्यावर पुढच्या हंगामापर्यंत टिकतात. ठाणे जिल्ह्यात आपली एक सोय आहे: त्याच खाचरात पावसाळ्यात भात लागतं, चार महिने चिखलपाण्यात पाला कुजून जातो. माळावर, वरकस जमिनीत घेवडा घेणाऱ्यांना ही सोय नाही, त्यांनी पाला नांगरून गाडावा आणि दोन-तीन वर्षं जागा बदलावी. मळणी करताना तोंडाला फडकं बांधा, तांबेऱ्याचा भुसा घशात बसतो. बी ठेवायला हरकत नाही, हा रोग दाण्याच्या आत जात नाही. फक्त पाखडून, पाल्याचा कण न ठेवता भरा, आणि सुरकुतलेले दाणे बाजूला काढा.

एक गोष्ट मला तीन वर्षं कळत नव्हती. खाचर पाण्यात, शेतात घेवड्याचं पान नाही, मग दर डिसेंबरात पहिला फोड येतो कुठून? वाऱ्याने लांबून येतोच, पण आंब्याच्या त्याच बाजूला का? उत्तर जाऊबाईंच्या कुडावर होतं. त्यांचा घेवड्याचा वेल गणपतीत फुलतो आणि हिवाळाभर हिरवा राहतो, आंब्यापासून वीस पावलांवर. भिंगाने बघितलं तर खालची पानं लाल. आता त्यांना वेल काढा कसं सांगायचं? वेल सासूबाईंच्या हातचा. शेवटी तोड निघाली, दसऱ्यापर्यंत वेल त्यांचा, दिवाळीच्या आसपास तो उतरवायचा, आणि बदल्यात जानेवारीत दोन पायली वाघ्या घेवडा माझ्याकडून. शेवटच्या शेंगा त्या भाजीला काढतात, पाला मी आणि दीर खड्ड्यात घालून वर वीतभर माती ओढतो. बी जाऊबाई डब्यात ठेवतात, जूनमध्ये पुन्हा कुडाला लावतात.

गेल्या हंगामात आंब्याखालचा पहिला फोड ६ जानेवारीनंतर दिसला, शेंगा भरत आल्यावर. मॅन्कोझेबची एकच फवारणी झाली होती, ऐन फुलात. दुसरीच्या पुड्या बांधून नेल्या होत्या, त्या तशाच परत आणल्या.